आजाऱ्यांच्या भेटी : एक

"तिसरा."

शांतवन दुशिंग चपलेतून दोरा ओढत राहिला.

"तिसरा प्रश्न, शांतवन. या जन्मी तू प्रीतीत परिपूर्ण होशील, अशी तुझी अपेक्षा आहे काय?"

तो चॅपलच्या पायरीवर बसून चपलेचा अंगठा शिवत होता. दाभण दातांत धरून त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग पुन्हा चपलेकडं.

"चौथा विचारा, लोंढेभाऊ."

"चौथा तुला येतो. एकोणीसपैकी अठरा येतात. हाच येत नाही."

"येतो की. तोंडातून निघत नाही."

"काय अवघड आहे त्यात? 'होय, देवाच्या कृपेनं.' तीन शब्द."

"तुम्ही म्हणालात?"

"गेल्या वर्षी म्हणालो. सगळेच म्हणतात."

"मग झालात?"

"काय?"

"परिपूर्ण."

"अपेक्षा आहे का, एवढंच विचारतात. झालात का, असं नाही विचारत."

"आणि ही अपेक्षा कधीपर्यंत धरायची?"

"मरेपर्यंत."

"मग घाई नाही," असं म्हणून त्यानं दोरा दातानं तोडला.

मार्च १९८९. सोमवार होता. शुक्रवारी समिती यायची होती.

मेहुणपूरच्या आमच्या वेस्लियन धर्मशिक्षण शाळेत एक दगडी चॅपल, पत्र्याची दोन वसतिगृहं, एक विहीर आणि बावीस विद्यार्थी होते. मी आदल्या वर्षी पास झालो होतो. प्राचार्य उजागरेसरांनी मला वर्षभर सहायक म्हणून ठेवून घेतलं होतं. सकाळी मुलांना उठवायचं, हजेरी घ्यायची, आणि शेवटच्या वर्षाच्या उमेदवारांकडून समितीच्या एकोणीस प्रश्नांची तयारी करून घ्यायची. हे प्रश्न वेस्लीच्या काळापासून आमच्या प्रत्येक उपदेशकाला विचारतात. तिसऱ्याला अडीचशे वर्षांत कोणी नाही म्हटलं असेल, तर त्याची नोंद आमच्या ग्रंथालयात नव्हती.

त्या वर्षी सहा उमेदवार होते. पाच जण कसेबसे. दुशिंग सहावा. त्याला शेलगावच्या मंडळीनं आधीच मागून घेतलं होतं. शेलगावला अकरा महिने पाळक नव्हता. नाताळात हा तिथं उपदेशाला गेला, तेव्हा परत येताना तिथल्या बायका बैलगाडीतून त्याला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला आल्या आणि उजागरेसरांना म्हणाल्या, "दुसरा कोणी पाठवू नका. हाच द्या." समितीनं होकार दिला की जूनमध्ये शेलगाव. दिला नाही तर मामाबरोबर खडी फोडायला. मधलं काही नव्हतं.

हे सगळं त्याला माहीत होतं. तरी म्हणत नव्हता.

*

इथं एक कागद लावतो. प्रत त्याच वेळी करून ठेवली होती. आमच्याकडं दर रविवारी विद्यार्थ्यानं नेमून दिलेल्या गावी जायचं आणि संध्याकाळी अहवाल भरून सरांच्या दाराबाहेरच्या फळ्यावर टाचायचा, अशी रीत होती.

रविवार-सेवा अहवाल
विद्यार्थी : बेंजामिन लोंढे, दुसरे वर्ष
दिनांक : १० ऑगस्ट १९८६
गाव : पिंपळदरी
घरभेटी : चार
आजाऱ्यांच्या भेटी : एक (श्रीमती सगुणाबाई दुशिंग)
प्रभुभोजन : दिले
विशेष : बाईंनी मुलासाठी निरोप दिला की, शिक्षण अर्धवट सोडू नकोस, मी सुखात आहे.

सगुणाबाई म्हणजे शांतवनची आई. तो तेव्हा पहिल्या वर्षाला होता. 'आई आजारी आहे' असं मामाचं पत्र आलं, आणि त्याच आठवड्यात त्याला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. डॉक्टरांनी खाटेवरून उठायची बंदी केली होती. त्यानं ट्रंक भरून खाटेखाली ठेवली होती. म्हणत होता, उठता आलं की घरी जाणार, परत येणार नाही, आईला बघायला दुसरं कोणी नाही.

पिंपळदरी माझ्या वाटेवर होती. उजागरेसरांनी सकाळच्या उपासनेत पाव आणि रस आशीर्वादित करून लाकडी पेटीत घालून माझ्या हातात दिला. रस म्हणजे उजागरेबाईंनी शनिवारी मनुका उकळून केलेला. आम्ही दारू वापरत नाही. पेटीत एक छोटा काचेचा पेला, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला.

"तिला म्हणावं, पोरगा सुखरूप आहे," सर म्हणाले. "तू येतोयस असं मी कार्ड टाकलंय. वाट बघत असेल."

संध्याकाळी परत आल्यावर मी दुशिंगच्या खाटेशी बसून त्याला निरोप सांगितला. त्यानं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. हात गरम होता.

गुरुवारी सगुणाबाई गेल्या. तो तसाच, पिवळ्या डोळ्यांनी, मातीला गेला. नवव्या दिवशी परत आला. ट्रंक उघडून कपडे पुन्हा खुंटीला लावले. आणि त्या दिवसापासून जेवायला माझ्या शेजारी बसू लागला. अडीच वर्षं, दोन्ही वेळेला. माझं मीठ तो वाढायचा.

*

बुधवारी दुपारी आम्ही प्रभुभोजनाचे पेले धूत होतो. बोटाच्या पेराएवढे काचेचे पेले, साठ. तो धुवायचा, मी पुसायचो.

"लोंढेभाऊ, एक विचारू?"

"तिसऱ्याबद्दल का?"

"नाही. आईबद्दल."

मी पुसत राहिलो.

"तुम्ही गेलात तेव्हा ती कुठं होती? आत की बाहेर?"

"आत. खाटेवर."

"अंगावर काय होतं?"

"गोधडी."

"कसली?"

"अरे, किती वर्षं झाली त्याला. निळसर होती वाटतं."

"हं." त्यानं एक पेला उन्हाकडं धरून पाहिला. "आणि आवाज? आवाज कसा होता तिचा?"

"बारीक झाला होता. पण स्पष्ट."

"स्पष्ट."

"हो. प्रत्येक शब्द कळत होता."

तो हसला नाही. त्याच्या तोंडावर काहीच झालं नाही, आणि मला तेच आवडलं नाही. त्यानं पेला माझ्या हातात दिला.

"अजून काही आठवतं का? नीट आठवा. गडबड नाही."

"एवढंच आठवतं."

"बरं," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "बरं. तुम्हाला आठवलं तर सांगा. उद्यापर्यंत सांगितलंत तरी चालेल."

"तिसरा घेऊ या का?"

"तिसरा शुक्रवारी."

गुरुवारी मी त्याच्या शेजारी जेवलो. आमटी पातळ आहे, असं तो म्हणाला. मी म्हणालो, रोजच असते.

*

ग्रंथालयातल्या लांब टेबलावर हिरवं कापड टाकलं होतं. मध्ये अध्यक्ष, रेव्हरंड खंडागळे. त्यांच्या डाव्या हाताला उजागरेसर. उजव्या हाताला आमोलिकबाई, मिशनच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स होत्या आणि आता निवृत्त. टेबलाच्या टोकाला मी, उत्तरं लिहून घ्यायला.

सकाळीच वेळ वाचावा म्हणून मी सहाही उमेदवारांच्या कागदांवर पहिल्या पाच प्रश्नांपुढं 'होय' लिहून ठेवलं होतं. हे मी सांगितलं नाही तर कोणालाच कळणार नाही, म्हणून सांगतो.

दुशिंग शिवलेली चप्पल बाहेर काढून आत आला. उभा राहिला.

पहिले दोन प्रश्न भरभर झाले.

"तिसरा," खंडागळेसाहेब म्हणाले. "या जन्मी तुम्ही प्रीतीत परिपूर्ण व्हाल, अशी तुमची अपेक्षा आहे काय?"

"नाही, साहेब."

साहेबांचं बोट चौथ्या प्रश्नावर गेलं होतं. ते परत आलं.

"नीट ऐकू आलं नाही."

"नाही म्हणालो."

उजागरेसर पुढं झुकले. "शांतवन, हे तुझ्या बळावर नाही. कृपेनं. हा फरक तुला कळतो."

"कळतो, सर. तुम्हीच शिकवलात."

"मग?"

"एक माणूस आहे. त्याच्यावर प्रीती करायला मला जमत नाही. रोज प्रयत्न करतोय."

"त्यानं तुझं काय केलं?" आमोलिकबाईंनी विचारलं.

"ते त्याचं त्यानं सांगावं, बाई."

"त्याला विचारलंस?"

"विचारलं. संधी दिली. त्याला आठवलं नाही."

माझं पेन कागदावर टेकलेलं होतं. शाईचा ठिपका वाढत गेला. माझ्याकडं कोणी पाहिलं नाही. उजागरेसरांनी पाहिलं असेल का, ते मला आजही माहीत नाही. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला होता.

खंडागळेसाहेब खुर्चीत मागं टेकले. "हे बघा दुशिंग, अशी माणसं प्रत्येकाच्या वाट्याला येतात. मला तर या एका जिल्ह्यात चार आहेत." स्वतःच थोडं हसले. "होय म्हणा आणि पुढं जाऊ. शेलगावची मंडळी वर्षभर वाट बघून राहिलीय."

"वाट बघणाऱ्या माणसाकडं खोटं घेऊन कसा जाऊ, साहेब?"

"पोरा," आमोलिकबाई म्हणाल्या, "नाव सांग. आम्ही त्याला इथं बोलावतो. समोरासमोर होऊन जाऊ दे."

दुशिंगनं बराच वेळ विचार केला. त्या वेळात मी उठू शकलो असतो. खुर्ची मागं सरकवायला किती वेळ लागतो.

"नाव सांगितलं तर तुम्ही त्याला शिक्षा कराल, बाई. मग मला बरं वाटेल. ती काही प्रीती नाही."

त्यांनी त्याला बाहेर थांबायला सांगितलं. दहा मिनिटं बोलणं झालं. मुलगा चांगला आहे असं तिघंही म्हणाले. एक वर्ष स्थगित असं ठरलं. पुढच्या वर्षी पुन्हा यावं, आणि तोवर वसतिगृहाची जागा नव्या मुलाला द्यावी.

"लिहिलंत का, लोंढे?" साहेबांनी विचारलं.

मी 'होय' खोडलं आणि वर 'नाही' लिहिलं. खाडाखोड झाली म्हणून बाजूला सही केली. तशी पद्धत आहे.

*

वसतिगृहात तो ट्रंक भरत होता. तीच ट्रंक.

"तुमच्याकडंच येणार होतो सलाम करायला," तो म्हणाला.

"शांतवन, तुला कोणी काय सांगितलं असेल ते असेल, पण मी..."

"आईची वाचा गेली होती, लोंढेभाऊ."

बाहेर कोणीतरी विहिरीवर बादली सोडली. ती पाण्याला लागल्याचा आवाज आला.

"तुम्ही जायच्या अकरा दिवस आधी. एक बाजू लुळी पडली आणि जीभ गेली. मी घाबरेन म्हणून मामानं पत्रात नुसतं आजारी लिहिलं. मातीनंतर शेजारच्या काशीबाईनं मला सगळं सांगितलं. सरांचं कार्ड आलं होतं ना, म्हणून बायांनी तिला रविवारी सकाळी न्हाऊ घातलं. लुगडं बदललं. दारात उशी लावून बसवलं. तोंड तिरकं होतं, लाळ गळायची, ती दोन बाया आळीपाळीनं पुसत होत्या. माणूस कधी येईल सांगता येत नाही, म्हणून. ऊन उतरल्यावर आत नेली." त्यानं शर्टाची घडी घातली. "गोधडी नव्हती. ऑगस्टात कशाला गोधडी."

"मग तू परत का आलास?"

"निरोप तिचा नव्हता. पण तिला बोलता आलं असतं तर याच्याहून वेगळं काय बोलली असती? असं वाटलं. म्हणून आलो." शर्ट ट्रंकेत ठेवून म्हणाला, "आणि तुम्ही सांगाल, असं वाटलं. शेजारी बसलं की माणूस कधीतरी सांगतो."

मी काय म्हणायचं, ते मला माहीत होतं. दोन शब्दांचं काम होतं. मी म्हणालो, "ट्रंक जड असेल. एक बाजू मी धरतो."

आम्ही दोघांनी मिळून ती सडकेपर्यंत नेली. वाटेत त्यानं दोनदा हात बदलला, म्हणून मीही बदलला. एसटी वळणावर दिसली, तेव्हा तो म्हणाला, "अजून वेळ आहे हं, लोंढेभाऊ."

"पोचल्यावर पत्र लिही," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. कंडक्टरनं ट्रंक टपावर घ्यायला लावली.

*

रविवार-सेवा अहवाल
(दुरुस्त)
दिनांक : १० ऑगस्ट १९८६
गाव : पिंपळदरी फाटा. पुढे गेलो नाही.
घरभेटी : नाहीत. फाट्यावर पत्र्याचं एक हॉटेल होतं. साडेनऊ ते चार तिथं बसलो. दोनदा भजी खाल्ली.
आजाऱ्यांच्या भेटी : नाही.
प्रभुभोजन : हॉटेलातलं पाणी गढूळ होतं, म्हणून रस मी प्यालो. पाव चहाबरोबर खाल्ला. पेला न धुता फडक्यात गुंडाळून परत दिला, वापरलेला दिसावा म्हणून. तो उजागरेबाईंनी धुतला.
विशेष : रात्री पाऊस झाला होता. गावाकडची वाट काळ्या मातीची, चिखल पोटरीपर्यंत. माझे बूट नवे होते.

आणखी कारण नाही. बरीच वर्षं शोधलं. बूट नवे होते, एवढंच निघतं.

*

जून १९८९ मध्ये शेलगावच्या मंडळीला पाळक मिळाला. मी.

पहिल्याच रविवारी, उपासनेनंतर, एक म्हातारी पायरीवर थांबली. "ते दुशिंगाचं पोरगं का नाही आलं?"

"त्याची तब्येत बरी नसते," मी म्हणालो.

"अरे देवा. मग त्याच्यासाठी प्रार्थना करू या," असं म्हणून तिनं तिथंच डोळे मिटले. मलाही मिटावे लागले.

पुढच्या वर्षी दीक्षेच्या वेळी मला पुन्हा एकोणीस प्रश्न विचारले. तिसऱ्याला मी होय म्हणालो. आवाज स्पष्ट होता. दुशिंग त्या वर्षीच्या समितीपुढं आला नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. पत्र आलं नाही. मी पाठवलं नाही. सात मंडळ्या केल्या. शेवटची अकरा वर्षं मी स्वतः त्या समितीवर होतो, आणि उजागरेसर गेल्यावर प्रश्न विचारायचं काम माझ्याकडं आलं. मुलं येतात, चपला बाहेर काढतात, उभी राहतात. तिसरा प्रश्न विचारल्यावर मी दर वेळी जरा जास्त थांबायचो. त्यांना वाटायचं, यांना ऐकू कमी येतं. ती मोठ्यानं सांगायची, "होय, देवाच्या कृपेनं."

एकानंही नाही म्हटलं नाही.

गेल्या जूनमध्ये, माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात, पिंपळदरीकडचा एक विद्यार्थी भेटला. बोलता बोलता म्हणाला, आमच्याकडं एक दुशिंगबाबा आहेत. आयुष्यभर खडीच्या कामावर होते. गावात कोणी आजारी पडलं की कोणत्याही घरचं असो, जाऊन शेजारी बसतात. प्रार्थना सांगितली तर करतात, नाही सांगितली तर नुसते बसतात. हल्ली स्वतःच झोपून असतात.

मी म्हणालो, जाऊन येतो.

जुलैत गुडघा दुखत होता. ऑगस्टात पाऊस होता.

*

रविवार-सेवा अहवाल
बेंजामिन लोंढे, निवृत्त

दिनांक : गेला रविवार

गाव : पिंपळदरी. फाट्यावरून रिक्षा मिळते. घेतली नाही. पायी पन्नास मिनिटं. मला वाटलं होतं, दोन तास तरी असेल.

घरभेटी : एक. मुलगी घरी होती. तिचं नाव सगुणा. बाप श्रावणात गेला म्हणाली. तिनं दारात खुर्ची टाकली. दारातून फाट्याकडची वाट दूरपर्यंत दिसते, कोण येतंय ते कळतं. मी तिला १० ऑगस्टचं सांगायला लागलो. गॅसवर दूध होतं, ते बघायला ती मध्येच उठून आत गेली. बाहेर आल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, बुटांपर्यंत. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "चहा घ्या."

आजाऱ्यांच्या भेटी : नाही.

प्रभुभोजन : पेटी नेली होती. उघडली नाही. तशीच परत आणली.

विशेष : निघताना तिला विचारलं की, बाबांनी माझ्यासाठी काही सांगून ठेवलं होतं का. तिनं माझं नाव पुन्हा विचारलं. मी सांगितलं. तिनं खरंच आठवून पाहिलं, मला दिसलं ते.

"नाही," ती म्हणाली. "तुमचं नाव त्यांच्या तोंडी कधी ऐकलं नाही."

निरोप : नाही.